गुत्तेदाराला काम देण्याआधी त्याचा हिशेब कसा बघायचा

आमच्या अक्काचं घर लिंटेलपर्यंत, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या पट्टीपर्यंत, आलं आणि थांबलं. परभणीच्या बाहेर प्लॉट स्वतःचा, नकाशा मंजूर, बँकेचं कर्जही मंजूर. गुत्तेदार भला माणूस, मिस्त्रीच्या हाताला सफाई. तरी साडेचार महिने उघड्या भिंती तशाच उभ्या, कॉलमच्या गजांवर तांबूस गंज. दाजी रोज फोन करायचे आणि तो रोज म्हणायचा, "दाजी, परवा सेंट्रिंग लावतो." पुढे कळलं ते असं. अक्काच्या पैशातून त्याने दुसऱ्या कॉलनीतल्या घराचा स्लॅब टाकला होता. त्या घराचा पैसा त्याआधीच्या घराच्या फरशीत गेला होता. खिशात कुणाचेच घातले नव्हते. पैसे नुसते फिरत होते आणि फिरता फिरता अक्काच्या दारात येऊन संपले.

मी एका करसल्लागाराच्या ऑफिसात काम करतो. लहान-मोठ्या गुत्तेदारांची बिलं आणि जीएसटीचे रिटर्न रोज हाताखालून जातात. म्हणून मला जास्त लाज वाटली. हे सगळं आधी दिसण्यासारखं होतं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून फक्त फुटाचा दर बघितला होता. नंतर माझं स्वतःचं घर निघालं तेव्हा ज्या क्रमाने तपासलं, तो क्रम इथे देतो. पहिल्यांदा घर बांधणाऱ्यासाठी आहे. ज्यांनी दोन-तीन बांधलीत त्यांना यातलं बरंच माहीत असेल.

आधी गुत्तं कोणतं ते ठरवा

मजुरीवर काम दिलं तर सिमेंट, गज, वाळू तुम्ही आणता आणि गुत्तेदाराला फक्त मजुरी देता. पैसा अडकला तरी एक-दोन आठवड्यांच्या मजुरीइतकाच. मालासह दिलं तर तुमचे लाखो रुपये त्याच्या हातातून जातात. तपासणीची खरी गरज तिथे आहे. नोकरीमुळे रोज साइटवर उभं राहणं जमत नाही, म्हणून बहुतेक जण मालासह देतात. मीही दिलं. पुढचं सगळं मालासह गुत्त्याबद्दल आहे.

कागद: दहा मिनिटांचं काम

पॅन, आधार, बँक खातं आणि जीएसटी नंबर मागा. मागताना संकोच करू नका. बँकही कर्जासाठी अंदाजपत्रक मागतेच, "बँकेला लागतं" म्हणा, विषय संपला.

जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो. आपल्या राज्याचा २७ पासून सुरू होतो आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा पॅन. दोन्ही जुळतात का बघा. मग जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये नंबर टाका. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, कधीपासून आहे, चालू आहे की रद्द झाली, सगळं दिसतं. खाली रिटर्न भरल्याच्या तारखांचा तक्ता उघडतो. नवखा माणूस इथे एक चूक करतो. मधले महिने रिकामे दिसले की त्याला वाटतं रिटर्न बुडवलेत. लहान व्यावसायिक तीन महिन्यांनी एकदा भरू शकतात, त्यामुळे तिमाहीचा शेवटचाच महिना दिसला तर घाबरू नका. दोन-दोन तिमाह्या कोऱ्या असतील किंवा नोंदणी निलंबित दिसली, तर मात्र विचारा. रिटर्न थकवणाऱ्याकडे कर भरायला पैसे नव्हते, असं बहुतेक वेळा निघतं. मी आमच्या ऑफिसात हेच बघत आलोय. पैशाची चणचण लागली की माणूस सगळ्यात आधी सरकारचं थांबवतो, मग दुकानदाराचं, आणि मजुराचं सगळ्यात शेवटी.

"माझी जीएसटी नोंदणी नाही" हेही उत्तर मिळेल. सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या कामाला जीएसटी माफच आहे. पण तोच माणूस पुढच्या वाक्यात "या वर्षात मालासह पाच घरं केली" म्हणाला, तर मनातल्या मनात गुणाकार करा. पाच घरं २० लाखांत होत नाहीत. दोन्हीपैकी एक गोष्ट खोटी आहे.

आयकराचा रिटर्न मागून फार काही हाती लागत नाही. लहान गुत्तेदार बहुधा उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, असा ठोक नफा दाखवून मोकळे होतात. कायद्याने ते चालतं. त्यामुळे तो आकडा त्याच्या खऱ्या हालचालीचा नसतो. मी फक्त उलाढाल बघतो. तुमचं काम २० लाखांचं आणि त्याची वर्षाची उलाढाल १५ लाखांची, तर तुमचं घर त्याच्यासाठी उडी आहे. उडी घेणाऱ्याला काम देऊ नये असं नाही, पण हप्ते बारीक ठेवा.

'ई-कोर्ट्स'च्या ॲपवर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. सारख्या नावाचे दहा निघतात, म्हणून घाईने कुणाला दोषी ठरवू नका. पण चेक वटला नाही म्हणून कलम १३८ खाली आपल्याच तालुक्यात दोन-तीन खटले आणि त्याच नावा-आडनावाचा आरोपी दिसला, तर सरळ विचारा, "हे तुमचे का?"

चालू साइटवर जा, तेही बाजाराच्या आदल्या संध्याकाळी

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

गुत्तेदार तुम्हाला पूर्ण झालेली घरं दाखवेल. ती बघा, पण त्यातून त्याची आजची स्थिती कळत नाही. त्याला विचारा, आत्ता किती ठिकाणी काम चालू आहे? पत्ते घ्या आणि त्याला न सांगता जा. आपल्याकडे मजुरांना आठवड्याची खर्ची बाजाराच्या बेताने मिळते. त्या संध्याकाळी साइटवर थांबलात तर वेगळं काही विचारावं लागत नाही. खर्ची वेळेवर मिळाली असेल तर मजूर हात-पाय धुऊन निघालेले असतात. नसेल मिळाली तर मिस्त्री फोन कानाला लावून उभा असतो आणि बाया डब्याच्या पिशव्या घेऊन विटांच्या ढिगावर बसून असतात.

मी ज्याला नाही म्हणालो, त्याच्या जिंतूर रोडच्या साइटवर असंच झालं. सातला आलो तेव्हा नऊ माणसं बसलेली. मिस्त्रीला म्हटलं, "काय मामा, सुट्टी नाही झाली?" तो म्हणाला, "झाली की. मालकाची वाट बघतोय. मागची अर्धी राहिली, ह्या वेळची पूर्ण राहिली." एवढं पुरे.

त्याच साइटवर आणखी एक गोष्ट दिसली. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांच्या ढिगात चार कंपन्यांच्या गोण्या होत्या. एखाद्या वेळी भाव बघून कंपनी बदलतात, त्यात काही नाही. पण एकाच जोत्याच्या कामात चार कंपन्या म्हणजे चार दुकानं. एकाने उधारी बंद केली की दुसऱ्याकडे, असं ते चाललेलं असतं. सिमेंट वीस-वीस गोण्यांनी येतंय आणि गज तुकड्या-तुकड्यांनी येतायत, हीसुद्धा त्याच दुखण्याची लक्षणं. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो. तो फरक शेवटी गजातून, सिमेंटच्या प्रमाणातून किंवा तुमच्या जादा बिलातून निघतो.

साइटी किती असाव्यात? मी याला आकडा लावत नाही. दोन मिस्त्री आणि दोन सेंट्रिंगचे संच असलेला माणूस तीन घरं नीट चालवतो. एकाच मिस्त्रीवर पाच घरं चालू असतील तर चार घरं कायम थांबलेली असणार, आणि थांबलेल्या घराचा पैसा चालत्या घरात जाणार.

सरकारी कामं करणाऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघा. शाळेच्या खोल्या, सभामंडप, नाल्या यांची बिलं मार्चअखेरपर्यंत लटकतात, कधी त्याच्याही पुढे. असा माणूस कामाला पक्का असतो, पण त्याचं भांडवल बिलात अडकलेलं असतं. तुमचा हप्ता आला की तो आधी जुनं देणं फेडतो. त्याला विचारा, किती रकमेची बिलं यायची आहेत? खरा माणूस आकडा सांगतो आणि वर दोन शिव्याही घालतो.

दुकानदाराला आडून विचारा

गज-सिमेंटचा दुकानदार "फलाण्याची उधारी किती आहे?" या प्रश्नाला कधीच उत्तर देणार नाही, आणि देऊही नये. ते त्याचं गिऱ्हाईक आहे. मी असं केलं. ज्या दुकानातून माल येतो असं गुत्तेदार म्हणाला होता तिथे गेलो, जालन्याच्या गजाचा भाव विचारला, आणि सहज म्हटलं, "काम यांना देतोय. माल तुमच्याकडून यांच्या नावावर जाईल ना?" एक दुकानदार लगेच म्हणाला, "पाठवा की, दहा वर्षांपासून चालू आहे." दुसऱ्या गुत्तेदाराच्या वेळी दुकानदाराने चष्मा पुसला आणि म्हणाला, "काका, तुमच्याच नावावर बिल करू, पैसे थेट इकडं द्या. बरं पडतं." याच्यापेक्षा सभ्य भाषेत कोण सांगणार?

जुन्या घरमालकांना विचारताना "काम कसं केलं?" विचारू नका. सगळे "बरं केलं" म्हणतात. दोनच प्रश्न विचारा. ठरलेल्या रकमेवर जादा किती गेले? आणि शेवटचा हप्ता दिल्यावर काम संपायला किती दिवस लागले? दुसऱ्या प्रश्नाला माणूस हसला तर समजा.

समोर बसवून स्लॅबचा हिशेब मांडा

गुत्तेदाराची खरी परीक्षा स्लॅबच्या आठवड्यात होते. समजा १००० चौरस फुटांचा स्लॅब, पाच इंच जाडीचा. तो झाला ४१७ घनफूट, म्हणजे सव्वाचार ब्रासच्या आसपास काँक्रीट (१०० घनफूट म्हणजे एक ब्रास). बीम धरले तर साडेपाच ब्रासच्या, म्हणजे साडेपंधरा घनमीटरच्या घरात जातं. एका घनमीटरला ८ गोण्या धरल्या तर सव्वाशे गोण्या सिमेंट. गज सव्वा ते दीड टन, तुमच्या इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणे कमी-जास्त. वर वाळू, खडी, मिक्सर-लिफ्टचं भाडं, सेंट्रिंग आणि टाकणाऱ्या टोळीची मजुरी, जी त्याच दिवशी द्यावी लागते. हे सगळं एका आठवड्यात लागतं.

आता त्याला शांतपणे विचारा, "माझा स्लॅबचा हप्ता बँकेतून पंधरा दिवस उशिरा आला तर तुम्ही काय कराल?" हा प्रश्न खोटा नाही. बँक बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने सोडते आणि तिचा इंजिनिअर बघायला यायला वेळ लागतो. एकजण म्हणाला, "टेन्शनच घेऊ नका भाऊ, होऊन जातं." त्याला मी काम दिलं नाही. दुसऱ्याने वरच्या खिशातून लहान डायरी काढली. म्हणाला, "सिमेंट महिनाभर उधार मिळतं. गज नाही मिळत, गज रोख आहे. म्हणून गजाचे तेवढे आधी द्या, बाकी मी पंधरा दिवस ओढतो." काम त्याला दिलं. त्याचा दर दुसऱ्यापेक्षा फुटाला ६० रुपयांनी जास्त होता आणि घरी त्यावरून दोन दिवस वाद झाला.

डायरीत काय होतं तेही सांगतो. प्रत्येक साइटला वेगळं पान, डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. मिस्त्रीला दिलेली उचल लाल पेनने. अक्षर वाईट होतं, शुद्धलेखन त्याहून वाईट. पण एका साइटचा पैसा दुसऱ्या पानावर गेला तर दिसेल, अशी ती डायरी होती. कॉम्प्युटरवरच्या हिशेबाची मी अपेक्षा धरत नाही. साइटवार हिशेब नसेल तर मात्र तुमचा पैसा कुठे गेला हे त्यालाही सांगता येत नाही.

लाल पेनच्या उचलीबद्दल थोडं. ऊसतोडीच्या मुकादमासारखंच इथेही माणसं धरून ठेवायला उचल द्यावी लागते. दसऱ्यानंतर बीड-परभणीकडची बरीच माणसं कारखान्यांच्या पट्ट्यात तोडीला जातात, जूनमध्ये पेरणीला गावी जातात. या काळात काम सुरू करत असाल तर विचारा, टोळी कुणाची आणि उचल किती दिली आहे? उचल घेऊन टोळी पळाली की गुत्तेदाराचं ते भांडवल गेलं, आणि भोक तुमच्या हप्त्याने बुजवलं जातं.

हप्ते असे ठरवा की तुमचा पैसा कामाच्या पुढे पळणार नाही

सर्रास मागितली जाणारी मांडणी अशी असते: २० लाखांच्या कामात सुरुवातीला ५, जोत्याला ५, स्लॅबला ५, प्लास्टरला ५. ऐकायला सुटसुटीत. पण जोतं झालं तेव्हा तुमचे १० लाख गेले आणि जमिनीवर काम उभं आहे फार तर तीन लाखांचं. उरलेले सात लाख तुम्ही त्याला बिनव्याजी दिलेत. अक्काचं असंच झालं होतं.

माझ्या करारात शंभराची वाटणी अशी होती. सुरुवातीला ५, जोतं पूर्ण झाल्यावर १२, लिंटेलला १५, स्लॅबला २३, प्लास्टरला १५, फरशी-वायरिंग-नळाच्या कामाला १५, दारं-खिडक्या आणि रंगाला १०. राहिलेले ५ एक पावसाळा गेल्यावर. स्लॅबच्या २३ पैकी ८ गज साइटवर उतरल्याबरोबर, कारण गज रोख येतात. हे आकडे तसेच उचलू नका. तुमच्या इंजिनिअरकडून प्रत्येक टप्प्याचा खर्च काढून घ्या आणि हप्ता त्याच्या किंचित मागे ठेवा. फार मागे ठेवलात तर गुत्तेदाराला उधारीत ढकलाल. तेही तुमच्याच अंगावर येतं.

जादा कामाचं आधीच लिहा. आपल्याकडच्या काळ्या मातीत हे पहिल्याच आठवड्यात उभं राहतं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मुरूम कुठे लागेल ते प्लॉटागणिक बदलतं. पाच फुटांवर धरलेला खड्डा आठ फुटांवर गेला की खोदाई, भराव, काँक्रीट सगळं वाढतं. फुटाच्या ठोक दरात अडकलेला गुत्तेदार सुरुवातीलाच तोट्यात जातो आणि पुढे कुठेतरी तो भरून काढतो. करारापूर्वी जेसीबीने एक खड्डा घेऊन बघा, थोडा खर्च येईल. खोली ठरवा आणि त्यापुढच्या प्रत्येक फुटाचा दर लिहा. उन्हाळ्यात टँकरचं पाणी कुणी आणायचं, वाळूचा भाव चढला तर वाढ कुणाच्या माथी, हेही त्याच कागदावर.

करार स्टॅम्प पेपरवर करा. १०० रुपयांचा बाँड आता इतिहासजमा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून असे करार किमान ५०० रुपयांच्या मुद्रांकावर जातात, आणि रक्कम मोठी असेल तर मुद्रांक वाढतो. मुद्रांक विक्रेत्याला रक्कम सांगून विचारा.

पैसे चेकने किंवा ऑनलाइन, आणि करारात ज्याचं नाव त्याच्याच खात्यावर. "मेव्हण्याच्या खात्यावर टाका" म्हणाला तर त्याचं स्वतःचं खातं गोठलेलं किंवा कर्जात वळतं झालेलं असू शकतं. एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हप्ते पाडले तरी व्यवहार एकच धरतात. पुढे कधी घर विकलंत तर बांधकामाचा खर्च दाखवायलाही बँकेची नोंदच उपयोगी पडते.

एक गैरसमज फार आहे: "नाहीतर महारेरात (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे) जाऊ." स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी बांधलेल्या घराच्या गुत्त्याला महारेरा लागू होत नाही. तुमचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. बांधकाम ही सेवा धरली जाते आणि दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते. तिथे तुमचा करार, बँकेच्या नोंदी आणि टप्प्यांचे तारखेसह फोटो लागतील. म्हणून फोटो पहिल्या खड्ड्यापासून काढा.

माझ्या घराला पहिल्याच पावसाळ्यात मागच्या खोलीच्या छज्ज्यापाशी ओल आली. फोन केला. दोन माणसं आली, दीड दिवस ठोकाठोक करून गेली. नंतरच्या दोन सरींत भिंत कोरडी राहिली, आणि दसऱ्याच्या आठवड्यात डायरीवाला येऊन शेवटच्या ५ टक्क्यांचा चेक घेऊन गेला. अक्काचं घर दाजींनी मजुरीवर दुसऱ्याकडून पूर्ण करून घेतलं. आधीचा गुत्तेदार दर महिन्याला पाच हजार परत करतो. मागच्या महिन्याचे अजून आलेले नाहीत.